एका बटणाची डबी

बारामतीच्या स्टँडमागे एक कारागीर रेडिओ दुरुस्त करायचा. टेस्टर कानामागे खोचलेला, आणि कुठलंही यंत्र उघडण्याआधी तो त्यावर क्षणभर हात ठेवायचा. नव्वदच्या दशकात मी टेपडेक आणि अँप्लिफायर घेतला. दोन्हींच्या मध्ये, आवाज कमी-जास्त करायला, दिव्यांचं आणि दहा बटणांचं यंत्र घ्यायचं माझ्या मनात होतं, तसं त्याला बोललो.

"बटनं मोजून गाणं ऐकता व्हय, साहेब?" तो म्हणाला, आणि त्यानं पत्र्याच्या डबीत एकच बटण बसवून दिलं. ना वीज, ना दिवा. "पाटाचं दार पाणी तयार करत न्हाय, लागंल तेवढंच सोडतं. ह्ये बी तसंच हाय."

डबी जोडायला तो घरी आला. इतकं स्वच्छ गाणं मी कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात कॉलेजातले सहकारी आले. डबी कुठली, म्हणून विचारू लागले. स्टँडमागची म्हणायची मला लाज वाटली.

"परदेशी आहे," मी म्हणालो.

तो डबीपाशी खालीच बसला होता; त्यानं बटण फिरवून गाणं पार बारीक केलं. "परत सांगा साहेब, गाण्यात ऐकू आलं न्हाय."

मी परत तेच सांगितलं. तो चपला घालून निघून गेला. त्याच्या दुकानाकडे मी पुन्हा फिरकलो नाही. नाव तर कधी विचारलंच नव्हतं.

डबी अजून चालते. मुलं म्हणतात, रिमोटवालं घ्या. नाही घेणार. आणि कुणी डबीबद्दल विचारलं, की आधी गाणं बारीक करतो, मग सांगतो: बारामतीत बनलीय, स्टँडमागं.