कापसाच्या खोलीतली शालू

मेंढरू आजारी पडलं की रायभानला ते त्याच्या कानांवरून कळायचं. लहानपणी बापामागं कळप हिंडवताना आलेली ही विद्या. पुढं मेंढरं गेली, वडीगोद्रीजवळ शेती झाली, तरी ती टिकली. बैल असो, विहिरीवरची मोटार असो नाहीतर माणूस, दुखणं कुठं आहे ते तो नुसतं बघून सांगायचा. एका कॉम्प्युटरपुढं मात्र त्यानं हात टेकले, आणि नेमक्या त्याच कॉम्प्युटरात त्याची लेक होती.

शालू एकुलती एक. तिनं गावातच कॉम्प्युटरचा क्लास केला, मग त्याच क्लासात शिकवायला लागली, आणि एके दिवशी पुण्याची नोकरी पक्की करून आली. रायभानचा फोन बटणांचा. "मंग मला तुमचं तोंड कसं दिसंल?" म्हणत तिनं क्लासमधला एक जुना कॉम्प्युटर विकत आणला आणि घरातल्या सगळ्यांत कोरड्या, कुलूप लागणाऱ्या खोलीत मांडला. जायच्या आधी त्याच्यापुढं बसून तिनं आबांसाठी एक व्हिडिओ केला. बंद कसं करायचं, तिचा कॉल आला की काय दाबायचं, सगळं त्यात. पडद्याच्या मधोमध तो ठेवला आणि खाली लिहिलं, 'आबा'. "यावर दोन टिचक्या मारा, मी सांगायला येते," म्हणाली.

रायभाननं तो तेव्हा पाहिलाच नाही. लेक रोज फोनवर बोलत होती, मग यंत्राच्या नादी कशाला लागा? दसरा झाला, कापूस आला, आणि दरवर्षीसारखा त्याच खोलीत भरला. आपल्याकडं चांगली खोली आधी कापसाची, मग माणसांची. कोपऱ्यातला कॉम्प्युटर पार ढिगात रुतला. शालू दिवाळीला यायची होती. ती आली, पण ॲम्ब्युलन्समधून. कुणी म्हणालं डेंग्यू, कुणी म्हणालं उशीर झाला. रायभानच्या कानात यातलं काहीच शिरलं नाही.

तिचे दिवस झाल्यावर तो त्या खोलीत गेला, पडद्यापुढचा कापूस हातानं सारला, बटण दाबलं, दोन टिचक्या मारल्या आणि समोर शालू आली. "घाबरू नका आबा. हे मेंढरापेक्षा गरीब हाय, ढुशी मारत न्हाई." रायभान हसला, आणि आपण हसलो म्हणून त्याला रडू आलं. शालू समजावून सांगत राहिली. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाली, "आता एक खरं महत्त्वाचं सांगते, नीट ऐका." आणि पडदा काळा झाला.

लाइट गेली असं वाटून त्यानं वर पाहिलं, तर दिवा चालू. परत लावलं, तर आणखी लवकर बंद. दमलेल्या बैलासारखं हे विसावा मागतंय, एवढं त्याला उमगलं. म्हणून तो दिवसातून एकदाच, सकाळच्या गारव्यात लावू लागला. तरी शालू रोज थोडी आधीच तुटायची. 'महत्त्वाचं' तर राहिलंच, पुढं पुढं ती मेंढराच्या गोष्टीपर्यंतसुद्धा टिकेना. अंबडच्या दुकानात विचारलं, तर तिथला माणूस मान वर न करता म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागंल. आतलं सगळं जाईल." रायभान तसाच मागं फिरला. त्यानंतर त्यानं त्या खोलीत कुणाला पाऊल टाकू दिलं नाही. कापूस विकायची शुद्ध तरी कुणाला होती? ढीग होता तिथंच राहिला.

बायको आसराबाई उंबऱ्याबाहेर उभी राहून नुसता आवाज ऐकायची. आत यायचा तिला धीर नव्हता. एका सकाळी "घाबरू नका" एवढं बोलूनच शालू विझली, तेव्हा ती म्हणाली, "रोज इवली इवली चाललीय वो ती. बबलूला बोलवा. काय व्हायचं ते एकदाच होऊ द्या."

बबलू शालूच्या क्लासात शिकलेला, आता मशीन दुरुस्त करायचा. त्यानं कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडली. आतल्या पंख्याभोवती तंतूंचा घट्ट बोळा बसला होता, रायभानच्याच रानातल्या कापसाचा.

"काका, याला हवाच मिळून न्हाई राह्यली. तापतं अन् बंद पडतं. आतलं सगळं बराबर हाय, काही गेलेलं न्हाई."

त्यानं ब्रशनं सगळं साफ केलं, बटण दाबलं आणि टिचक्या मारल्या. शालू आली. मेंढराचं बोलली, कॉलचं बोलली, खुर्ची पुढं ओढली. पडदा उजळच राहिला.

"दसऱ्यानंतर तुमी हितं कापूस भरणार, मला माहीत हाय. तर तो याच्यापासून लांब ठेवा आबा. पंख्यात तंतू गेले की हे बंद पडतंय. एवढं माझं ऐका. अन् काही अडलं तर मला फोन लावा, लाजू नका. मी हाय ना." ती हसली, तिचा हात पुढं आला आणि व्हिडिओ संपला.

आसराबाई आत आली होती. "परत बंद पडलं का रं?" तिनं विचारलं.

"न्हाई काकू, चालू हाय," बबलू हळूच म्हणाला. "तेवढाच होता."

इतके दिवस रायभानला वाटत होतं, त्या काळ्या पडद्यामागं शालू खुर्ची ओढून बसलीय, तिचं बोलायचं अजून राहिलंय. तिचं तर कधीच बोलून झालं होतं. बोळा त्यानंच कोंबला होता. "मीच तुझं तोंड दाबलं गं पोरी," तो म्हणाला आणि खाली बसला. यंत्राचा पंखा आता सुरळीत फिरत होता.

मग तो उठला, ढिगात दोन्ही हात घातले आणि कवळाभर कापूस उचलून पलीकडच्या भिंतीशी नेऊन टाकला. परत आला, दुसरा कवळा उचलला.

"काका, तुमी बसा, मी करतो," बबलू म्हणाला.

"न्हाई," रायभान म्हणाला. "तिनं मला सांगितलंय."