चौथीची सहल तिच्या गल्लीत

आमच्या वर्गात सगळ्या मुली जमिनीवर पट्ट्या अंथरून बसायच्या आणि खिडकीखाली एकच बाक होता. तो एका मुलीसाठी ठेवलेला. तान्ही असतानाच तिच्या उजव्या पायावरून वारं गेलं होतं. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी सळ्या आणि चामडी पट्टे असलेला सांगाडा ती घालायची. त्यात पाय सरळच राहायचा, म्हणून शाळेत तिला खाली बसता येत नसे. ती एकटीच उंचावर राहू नये असं आमच्या वर्गाच्या सिस्टरांना वाटे. त्यांनी ठरवून दिलं होतं की दर आठवड्याला एकीनं तिच्या शेजारी बसायचं. मी तिसरीत मध्येच त्या शाळेत आले, आल्या आल्या माझी पाळी लागली, आणि पुढं मी त्या बाकावरून उठलेच नाही.

उठावंसं वाटलं नाही, कारण खाली बसलेल्यांना माझं बोलणं ऐकून हसू येई. वडील एस.टी.त कंडक्टर. त्यांची बदली सोलापूरला झाली तेव्हा ते मला घेऊन आत्याकडे राहायला आले. आई माढ्याकडे गावातच राहिली. आजोबा अंथरुणाला खिळलेले होते आणि शेत सोडून चालणार नव्हतं. आत्याच्या घरामागेच सिस्टरांची प्राथमिक शाळा होती, मराठीतली, म्हणून मी तिथं. पहिल्या दिवशी मी उभी राहून म्हणाले, "सिस्टर, माजी पाटी कुटं गेली, गावंना की." वर्ग खदाखदा हसला. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्या मंगळूरकडच्या, मराठी इथं येऊन शिकलेल्या. त्यांच्या बोलण्यात पाटी 'तो' असायचा आणि फळा 'ती'.

"तो पाटी मिळेल. सगळे शोधा," त्या म्हणाल्या.

बाकावरची मुलगी तेव्हा माझ्याकडं बघून पहिल्यांदा हसली. ती विणकरांच्या घरातली, पूर्व भागातली. घरी तेलुगू. तिच्या मराठीलाही वेगळंच वळण होतं. "आपण तिघी चुकीच्या," ती मला नंतर कानात म्हणाली. "तू, मी आणि सिस्टर."

दीड-दोन वर्षं आम्ही त्या बाकावर काढली. मला आईची आठवण आली की माझं नाक वाहायला लागायचं, आणि ती काही न विचारता आपल्या फ्रॉकच्या खिशातला रुमाल माझ्या हातात द्यायची. खिशात नेहमी सुताचे रंगीत तुकडे असत. ते आम्ही बोटांना गुंडाळून अंगठ्या करायचो.

त्या शाळेत वर्षाचा शेवट मोठा छान असायचा. परीक्षा संपली तरी निकालापर्यंत शाळा भरायची, पण पुस्तक उघडायचं नाही. पट्ट्या झटकून उन्हात घालायच्या, फळे काळे करायचे, आवारातल्या चर्चची बाकं ओल्या फडक्यानं पुसायची. एका सकाळी आम्ही सगळ्या त्या चर्चमध्ये बसायचो. ख्रिस्ती मुली गाणी म्हणत. बाकीच्यांना सिस्टर सांगत, "ज्याला ज्या देवाला थँक्यू म्हणायचा, त्याला म्हणा. फक्त शांत." आणि मग चौथीची सहल. चौथीनंतर ती शाळा संपायची, म्हणून जाणाऱ्या मुलींना भल्या सकाळी कंबर तलावावर चालत नेत. तिथं झाडाखाली डबे खायचे, पाण्यात पाय सोडायचे आणि ऊन तापायच्या आत परत.

आमच्या वर्षी सहलीची सूचना आली तेव्हा माझ्या शेजारणीनं मला सहज सांगितलं, "तू येताना माझ्यासाठी एक गुळगुळीत दगड आण. मी मोठ्या सिस्टरांच्या स्वयंपाकघरात बसते. कुठंही चालत जायचं असलं की मी तिथंच असते. शेंगा सोलते."

"मी बी न्हाय जाणार मग," मी म्हणाले.

"का? तुझे पाय चांगले आहेत की."

हे सिस्टरांनी ऐकलं. त्या बाकाशी आल्या. "तू टांग्यातून चल. मी बसेन बरोबर," त्या तिला म्हणाल्या.

तिनं मान खाली घातली. ती कधी हट्ट करायची नाही. पण त्या दिवशी म्हणाली, "सगळ्या चालत जाणार आणि मी टांग्यात. मग मी सहलीत कुठं आहे, सिस्टर?"

सिस्टरांनी वर्गाकडं वळून विचारलं, "असं जागा सांगा, जिथं सगळे चालत जाऊ शकेल."

गलका झाला. कुणी किल्ल्याची बाग म्हणालं, कुणी स्टेशन. पहिल्या रांगेत टांगेवाल्याची एक मुलगी बसायची. मोठ्या आवाजाची, घरी दखनी बोलणारी. ती उठून म्हणाली, "इसकेच घर कू चलेंगे ना, सिस्टर! ये रोज चलती सो रस्ता हाय. इसको जमता तो हमको भी जमता."

सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. माझी शेजारीण मात्र पांढरी पडली. "घरात माग आहे," ती मला हळूच म्हणाली. "माग सोडून जागाच नाही. सगळ्या कुठं बसतील?"

त्याच संध्याकाळी सिस्टर तिच्या आईला विचारायला गेल्या, आणि मलाही बरोबर नेलं. एकाच खोलीचं घर. अर्धी खोली मागानं व्यापलेली. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून तिचे वडील चादर विणत होते. आई दारात सुताच्या कांड्या भरत होती. सिस्टरांनी त्यांच्या मराठीत सांगितलं, लेकीनं ते तेलुगूत सांगितलं, आणि आईनं तोंडावर पदर धरला. मला वाटलं, रडते आहे. ती हसत होती. उंबऱ्याबाहेर जाऊन तिनं समोरच्या घराला हाक मारली, मग शेजारच्या. बघता बघता गल्लीतल्या बायका जमल्या, विड्या वळायची सुपं कडेला ठेवून. खूप बोलणं झालं, त्यातलं मला काही कळलं नाही.

शेवटी माझी शेजारीण म्हणाली, "अम्मा म्हणते, आमच्या घरात पाच बसतील. बाकीच्या प्रत्येक घरात पाच-पाच. डबे आणायचे नाहीत."

सहलीच्या सकाळी शाळेच्या फाटकाशी रांग लागली. सिस्टरांनी तिला सगळ्यांत पुढं उभं केलं. आजवर ती कायम रांगेच्या शेवटी असायची, आणि मी तिच्यासाठी मागं राहायची. त्या दिवशी सगळा वर्ग तिच्या चालीनं चालला. सांगाड्याचा खट् आवाज, मग पाय ओढल्याचा, पुन्हा खट्. सुरुवातीला मागच्या मुली एकमेकींवर आदळत होत्या. मग हळूहळू सगळ्यांनाच ती चाल लागली. हळू चालल्यामुळं रस्त्यात बघायला वेळ मिळाला. भजी तळणारा, सायकलीवर सुताची गाठोडी लादलेला माणूस, भिंतीवर रंगवलेला सिनेमाचा वाघ. लोक दुकानांतून बाहेर येऊन विचारत, "काय मिरवणूक आहे का?" टांगेवाल्याची मुलगी ओरडून सांगे, "चौथीची सहल हाय!"

गल्लीत शिरलो तर दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट आणि वर दोऱ्यांवर वाळत घातलेलं लाल-निळं सूत. त्यातून पाणी ठिबकत होतं. एकीच्या पांढऱ्या ब्लाऊजवर लाल थेंब पडला. तिनं तो दिवसभर अभिमानानं मिरवला.

घरात गेल्यावर माझ्या शेजारणीनं पहिल्यांदा काय केलं तर दारातच बसून तो सांगाडा काढला आणि भिंतीला टेकवून ठेवला. शाळेत तो तिनं कधीच काढला नव्हता. मग ती दोन्ही हातांवर जोर देऊन, बसल्या बसल्या, अशी काही सरसर खोलीभर फिरू लागली की आम्ही बघतच राहिलो. मागाच्या खालून इकडून तिकडं, सूत गुंडाळायच्या रहाटाकडून कांड्यांच्या टोपलीकडं. शाळेत मी तिला कधी पळताना पाहिलं नव्हतं. घरात ती पळत होती.

"अशी धर. सैल सोड. ओढू नको, तुटेल," ती एकेकीला रहाट शिकवत होती, आणि वर्गात पहिली येणारी मुलगी तिचं ऐकत होती. तिच्या वडिलांनी प्रत्येकीला बोलावून मागावर एकेकदा आडवा दोरा नेणारा धोटा फेकू दिला. त्यासाठी बाहेर गल्लीभर मुलींची रांग लागली. आमच्या धोट्यांनी चादरीच्या त्या भागाची पार वाट लागली. सिस्टर ओशाळून म्हणाल्या, "अहो, तुमचा चादर खराब झाला."

ते खड्ड्यातून वर न बघताच म्हणाले, "असू द्या. हे विकायचं नाही."

जेवण चिंचेच्या भाताचं होतं, वर शेंगदाणे आणि मिरच्यांची फोडणी. सोबत कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. आम्ही पाचजणी मागाशेजारी दाटीवाटीनं बसलो. "तिनु बिड्डा, तिनु," म्हणत तिची आई वाढत राहिली. एवढं तेलुगू सगळ्यांनाच कळलं. जेवण झाल्यावर बायकांनी मोगऱ्याचे गजरे आणले आणि घराघरांत मुलींच्या वेण्या घालायला बसल्या. सिस्टरांपुढं आल्यावर तिची आई थबकली. डोक्यावर तर पांढरं वस्त्र, गजरा माळणार कुठं? सिस्टरांनी मनगट पुढं केलं. आईनं गजरा तिथं बांधला, आणि दोघी हसल्या.

मग तिच्या आईनं मला पुढ्यात ओढलं. माझी वेणी आत्या घट्ट घालायची, घाईत, कपाळ ताणलं जाईपर्यंत. या बाईनं आधी सगळे केस मोकळे केले आणि बोटांनी गुंता सोडवत बसली. घाई नव्हती. तिच्या बोटांना सुताची सवय होती. एकही केस ओढला गेला नाही. मला माझ्या आईचे हात आठवले, त्यांचा शेणाचा आणि खोबरेलाचा वास आठवला, आणि मी तोंड फिरवून रडायला लागले. तिनं लेकीला काहीतरी विचारलं. लेक म्हणाली, "अम्मा विचारते, दुखतंय का?"

"न्हाय," मी म्हणाले. "लई बरं वाटतंय."

तिनं ते आईला सांगितलं. काय शब्द वापरले कुणास ठाऊक. पण आईनं वेणी संपल्यावरही मला मांडीजवळ तसंच बसवून ठेवलं, सगळ्या निघायची वेळ होईपर्यंत.

निकालाच्या दिवशी ती आली नाही. तिचे वडील एकटेच आले आणि शाळा सोडल्याचा दाखला मागू लागले. भिवंडीला तिच्या मामानं यंत्रमागावर काम बघितलं होतं, सगळे तिकडं चालले होते. पाचवीतही आम्ही एकाच बाकावर बसणार असं मी धरून चालले होते. शाळा वेगळी असली म्हणून काय झालं, बाक तर असेलच. त्या दुपारी मी आत्याच्या पाठी लागून स्टेशनवर गेले.

ती फलाटावर गाठोड्यावर बसली होती, पाय सरळ पुढं टाकून. "तिकडं समुद्र जवळ हाय म्हणं," मी म्हणाले. "गुळगुळीत दगड असतील," ती म्हणाली. मग गाडी आली. वडिलांनी तिला उचलून आत ठेवलं. खिडकीपाशी गर्दी झाली, आणि मला फक्त तिच्या आईचा हात दिसला, गजांतून बाहेर आलेला. तो माझ्यासाठी हलत होता की आणखी कुणासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढं आजोबा गेले, आई सोलापूरला आली, मी शिकले, पुण्याला संसार केला. इतर मैत्रिणी झाल्या, चांगल्या झाल्या. पण माझ्याशेजारी कुणी नुसतंच गप्प बसावं असं वाटलं की मला तीच हवी असायची. भिवंडीला नवऱ्याच्या कामासाठी एकदा गेले होते तेव्हा दिवसभर बायकांच्या चालीकडं बघत फिरले.

आता एवढ्यात, आत्याच्या दिवसांना सोलापूरला गेले होते, तेव्हा त्या गल्लीत जाऊन आले. घरं सिमेंटची झाली आहेत. तिच्या घराच्या जागी दुमजली इमारत. समोरच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. मी म्हटलं, "मावशी, लहानपणी मी इथं आले होते. शाळेतून, सगळा वर्ग."

तिनं डोळे बारीक केले. "शाळा आली होती तेव्हा? तू त्यातली?" मग मोठ्यानं हसली. "अगं, माझ्या घरी पाचजणी जेवल्या. भात पुरला नाही, मग शेजारून आणला."

मी माझ्या मैत्रिणीबद्दल विचारलं. म्हातारीनं सांगितलं, आईवडील भिवंडीतच वारले. ती शिवणकाम करते, मुलं मोठी झालीत. मग जरा थांबून म्हणाली, "तीपण आली होती की मागं एकदा. कुणाच्या तरी लग्नाला. इथून शाळेत गेली, काठी टेकत. कंडक्टरची मुलगी, माढ्याकडची, कुठं असते म्हणून विचारत होती. तिथं सगळ्या सिस्टर नव्या. कुणाला माहीत नव्हतं."

मी ओट्यावर तिच्याशेजारी बसले. म्हातारीनं पाणी आणून दिलं. तिच्याकडं भिवंडीचा पत्ता नव्हता, पण लग्नकार्याला कुणी ना कुणी येतंच, ती म्हणाली. मी माझा नंबर लिहून दिला. तिनं तो देवाच्या फोटोमागं खोचला.

तेव्हापासून अनोळखी नंबर आला तरी मी फोन उचलते. बहुतेक वेळा कुणीतरी काहीतरी विकत असतं. मुलगी रागावते, म्हणते, आई, असे फोन घेऊ नकोस. मी बरं म्हणते, आणि पुढचा वाजला की हात पुसून घाईनं उचलते.