शेपटीवरचं वजन

कॅप्टनसाहेबांनी विमानाच्या इंजिनाची तेल बघायची कांडी ओढून काढली आणि माझ्या शर्टानं पुसली.

अंगातल्या शर्टानं नाही. कापून घेतलेल्या तुकड्यानं. निळ्या बारीक चौकड्यांचा, वीतभर रुंद तुकडा. त्यावर काळ्या मार्करनं माझं नाव, खाली तारीख, त्याखाली 'पहिलं एकट्याचं उड्डाण'. कांडी नावावरूनच फिरली. तेल पसरलं. नाव गेलं.

रविवारची सकाळ होती. सांवेर रोडच्या कारखान्यांच्याही पुढे, शेतांच्या मधोमध एक खासगी धावपट्टी आहे. तिथल्या हँगरमध्ये पुण्याहून आलेले चार पाहुणे खुर्च्या टाकून पोहे-जिलबी खात बसले होते. विमान कॅप्टनसाहेबांचं. धावपट्टी त्यांची. शिकवणारेही तेच. त्यांनी तो तुकडा इंजिनाच्या झाकणाच्या फटीत खोचला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "चल, शेपटीवर जा."

दर रविवारी म्हणायचे तसंच.

शेपटीवर जायचं म्हणजे काय ते सांगतो. हे विमान छोटं, दोघांचं, एकामागे एक बसायचं. आकाशात कोलांट्या मारायला केलेलं. याला पुढे दोन चाकं आणि शेपटीखाली एक बारकं चाक. टेलड्रॅगर म्हणतात. जमिनीवर हे नाक वर करून बसतं, म्हणून समोरचं काही दिसत नाही. नागमोडी चालवत न्यावं लागतं. उडण्याआधी इंजिन पूर्ण ताकदीवर लावून तपासायचं, असा साहेबांचा नियम. त्या वेळी पुढच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. विमान पुढे जाऊ शकत नाही, मग शेपूट उचलायला बघतं. शेपूट उचललं की नाकावरचा पंखा जमिनीत घुसतो. म्हणून शेपटीला कोणीतरी दाबून धरायचं. शेपटीच्या मुळाशी अंग टाकायचं, तोंड फिरवायचं, डोळे मिटायचे. पंख्याचा सगळा वारा अंगावर येतो. माती, खडे, तेलाचे थेंब. माझा डावा कान अजून वाजतो.

पूर्वी तिथं जमिनीत एक लोखंडी कडं होतं. शेपूट दोरानं त्या कड्याला बांधत. मी यायला लागलो आणि कडं कोणी वापरेना. गंजलं. एका पावसाळ्यात तुटलं. पुन्हा कोणी बसवलं नाही. माणूस होता ना.

तो माणूस मीच झालो, आणि सौदा करून झालो. हे लपवणार नाही.

पोलोग्राउंडला माझं कमानी-पाट्यांचं वर्कशॉप आहे. ट्रकचे पाटे बनवतो. बाप दुसऱ्याच्या भट्टीवर घण मारायचा. मी चौदाव्या वर्षी त्याच भट्टीवर भाता ओढायला बसलो आणि तिसाव्या वर्षी ती भट्टी विकत घेतली. आजा याच पोलोग्राउंडवर घोडे धरायचा. साहेब लोक खेळून उतरले की लगाम त्याच्या हातात फेकायचे, आणि तो घाम सुकेपर्यंत घोडे फिरवायचा. त्याला स्वतःला घोड्यावर बसायची मनाई होती. एकदा कोणी बघत नाही असं समजून बसला. पाठीवरचे वळ बापानं लहानपणी मोजले होते, असं बाप सांगायचा. घोडे कॅप्टनसाहेबांच्या घराण्याचे होते की दुसऱ्या कोणाचे, मला माहीत नाही. साहेबांचं घराणं दरबारातलं, एवढं माहीत आहे. ते स्वतःच सांगतात.

साहेब दुकानात आले ते शेपटीच्या चाकाचा पाटा घेऊन. वाकला होता. बाहेरून मागवायचा तर अर्धं वर्ष. मी पाटा हातात फिरवला. पोलाद ओळखलं. म्हणालो, "होईल. पण पैसे नको. मला उडायला शिकवा."

ते हसले. "अरे, हा ट्रक नाही."

"ट्रक मला येतो," मी म्हणालो. "म्हणूनच हे शिकायचंय."

त्यांनी आडनाव विचारलं. मग घर कुठे, ते विचारलं. मग मान हलवली. "बरं. तुमच्या लोकांच्या हातात कला असते."

मी ते ऐकलं आणि गिळलं. पाटा बनवला. त्यांच्या इंजिनियरनं तपासून सही केली. त्यानंतर विमानाचं लोहारकाम सगळं माझ्याकडे, आणि बदल्यात माझं शिकणं. पहिल्याच रविवारी ते म्हणाले, "जरा शेपूट धर." मी मनात हिशेब केला. पाच मिनिटं आडवं पडायचं, वर अर्धा तास आकाश. सौदा फायद्याचा आहे. मी बाजारात कोणाला हार जात नाही, माझ्या तोंडाला लागायची कोणाची हिंमत नाही. आणि इथं पालथा पडत होतो, वर खूश होतो.

माझी पाळी आली की शेपूट कोणी धरायचं नाही. "तुझ्या वेळेला अर्ध्याच ताकदीवर तपासू," साहेब म्हणायचे. बाकी शिकणारे तिघं होते. एक डॉक्टर, एक बिल्डरचा भाऊ, एक कंपनीचा मॅनेजर. त्यांना साहेब 'सर' म्हणायचे. मला 'तू'.

पण शिकलो. हे विमान उतरवणं म्हणजे खांद्यावर तुळई घेऊन गर्दीतून चालणं आहे. वजन मागे असतं. जरा तिरकं झालं की मागचं पुढे यायला बघतं आणि विमान स्वतःभोवती गरगर फिरतं. पायांनी क्षणाक्षणाला सावरावं लागतं. चाक टेकलं म्हणून पाय ढिला सोडायचा नाही. मॅनेजरनं सोडला आणि पंखाचं टोक घासलं. ते टोक मीच सरळ केलं. माझे पाय कधी ढिले झाले नाहीत. भट्टीपुढे उभं राहून घडलेले पाय आहेत.

त्या रविवारच्या सात महिने आधी साहेब मागच्या सीटवरून उतरले. म्हणाले, "तीन फेऱ्या मार. एकटा."

मारल्या. तिन्ही वेळा सरळ उतरलो.

साहेब परदेशात शिकले, तिथून एक रिवाज घेऊन आले. जुन्या विमानात शिकवणारा मागे बसायचा, पंख्याच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून तो शिकणाऱ्याचा शर्ट मागून ओढून त्याला सांगायचा. माणूस एकटा उडाला की शर्टाचा मागचा भाग कापायचा. आता तुला कोणी मागून ओढायची गरज नाही, असा त्याचा अर्थ. कापलेल्या तुकड्यावर नाव लिहून हँगरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत लावतात. भिंतीवर नऊ तुकडे होते.

मला रिवाज माहीत होता. म्हणून अन्नपूर्णा भागातल्या दुकानातून नवा शर्ट आणला होता. बायको म्हणाली, "नवाकोरा शर्ट कापून घ्यायला?"

"कापून घ्यायलाच."

तिनं घरी त्याला इस्त्री केली. मागच्या बाजूला दोनदा.

साहेबांनी कात्री चालवली, नाव लिहिलं, टाळ्या झाल्या. उघड्या पाठीवर वारा लागत होता. मला वाटलं, आज्याच्या पाठीवरचं काहीतरी पुसलं गेलं. मग साहेब म्हणाले, "चौकटी संपल्यात. लावू नंतर."

दोनदा आठवण केली. "लावू रे." नंतर विचारलं नाही. ड्रॉवरमध्ये असेल, असं धरून चाललो. माझं लक्ष पुढे होतं. कोलांटी शिकलो. स्पिन शिकलो. स्पिनमध्ये नाक खाली होतं आणि जमीन जात्यासारखी फिरायला लागते. हात म्हणतो, स्टिक ओढ. ओढलीस तर मेलास. थ्रॉटल बंद, फिरण्याच्या उलट्या पायावर जोर, स्टिक पुढे. ज्या जमिनीची भीती वाटते तिच्याकडेच. मग विमान फिरायचं थांबतं.

पुढच्या रविवारी मला हे सगळं एकट्यानं करायचं होतं. त्याच्यासाठी दोन वर्षं पालथा पडलो होतो. आणि या रविवारी ती कांडी माझ्या नावावरून फिरली.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"शेपटीवर नाही. कड्याला बांधा."

"कडं तुटलंय. तुला माहितेय."

"मग दुसऱ्या कोणाला सांगा."

साहेब आता वळले. आवाज खाली आणला. "पाहुणे बसलेत. तमाशा नको. पुढच्या रविवारी तुझं एकट्याचं आहे. विसरू नकोस."

"विसरलो नाही."

डॉक्टर खुर्चीतून उठले. "अरे भिया, दो मिनट की तो बात है."

"दो मिनट की है तो आप लेट जाओ, डॉक्टरसाब."

त्यांनी आपल्या पांढऱ्या पँटकडे बघितलं. मग बिल्डरच्या भावाकडे. त्यानं मॅनेजरकडे. मॅनेजरनं पोह्यात शेव घालून घेतली. विमान ठोकळे लावून तयार उभं होतं. शेपूट मोकळं होतं. हँगरमध्ये धडधाकट माणसं इतकी होती, आणि एकही हललं नाही. त्या वेळी मला कळलं की ते काम लहान नव्हतंच. लहान असतं तर कोणीही केलं असतं.

पाहुण्यांतला एक म्हणाला, "हा कोण?"

साहेब म्हणाले, "मिस्त्री आहे आमचा." मग मला ऐकू येईल असं, "यांना जवळ केलं की हे असं होतं."

माझं डोकं तापट आहे. हातोडी फेकून मारलेली आहे मी लोकांना. त्या दिवशी फेकली नाही. झाकणाच्या फटीतून माझा तुकडा काढला, घडी केली आणि खिशात ठेवला. खिशाला तेल लागलं. शेतांमधून चालत गाडीपर्यंत आलो. मागे इंजिनाचा आवाज आला नाही. त्या रविवारी विमान उडालं नाही.

दहा दिवसांनी साहेब पोलोग्राउंडला आले. हातात काचेची नवी चौकट.

"चिडलास ना? चूक झाली. चिंधी समजून घेतली हातात. नवा शर्ट आण, पुन्हा कापू. भिंतीवर मधोमध लावू. रविवारी ये. एकटा जा, कोलांट्या मार."

"आणि शेपूट?"

"ते आहेच रे. तू उडून आलास की आमच्या वेळेला धरायचं."

मी कामगाराला भट्टीचा भाता थांबवायला सांगितलं. कोपऱ्यात जाऊन नवं कडं आणलं. ट्रकच्या जुन्या आसापासून मीच ठोकलेलं, हाताच्या मनगटाएवढं जाड, खाली हातभर दांडा. त्याच्या पायाशी ठेवलं. हो, त्याच्या. 'साहेब' माझ्या तोंडातून तिथंच गळून पडलं.

"हे गाडा. सिमेंट मी घालतो. चौकट नको, शर्ट नको. हे गाडलंत की रविवारी येतो."

"एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"एवढीशी आहे, तर गाडा."

त्यानं बुटाच्या टोकानं कडं सरकवून बघितलं. हललं नाही. आयुष्यभर घासाघीस केली, समोरच्याचा चेहरा वाचून आकडा खाली आणला, वर नेला. त्या दिवशी आकडाच नव्हता.

"माझ्या जमिनीत काय गाडायचं ते मी ठरवीन," तो म्हणाला.

चौकट काखेत मारून गेला. भिंतीवरची जागा तो द्यायला तयार होता. अगदी मधोमधची. जमिनीतली वीतभर जागा त्याला देता आली नाही. कारण भिंतीवर माझं नाव टांगलं तरी शेपटीवर मी आडवा पडतच होतो. कडं गाडलं असतं, तर मी उठलो असतो.

एकट्याच्या कोलांट्या झाल्या नाहीत. पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल, दुसऱ्या राज्यात, या वेळी पैसे मोजून. त्रेचाळीस वर्षांचा आहे. कान वाजतो. अर्ज भरलाय.

कडं माझ्या गाडीत मागे पडलेलं असतं. जिथं शिकायला जाईन तिथं आधी विमान बघणार नाही, जमीन बघीन. कडं नसेल तर हे गाडीन. गाडू देणार नसतील तर उचलून परत फिरेन आणि पुढची धावपट्टी शोधीन. एक दिवस मी शिकवीनही, आणि माझ्याकडे येईल त्याला पहिल्या दिवशी दोर आणि हे कडं दाखवीन. आज्यानं घोडे धरले. मी शेपूट धरलं. आता लोखंड धरेल.