आडात सोडलेला दिवा

हवेत ऑक्सिजन शंभरात एकवीस भाग, आणि कार्बन डायऑक्साइड एका भागाचाही पंचविसावा हिस्सा. गोरेगाव नावाच्या खेड्यातल्या शाळेत अकरा वर्षं मी हेच शिकवते आहे. एवढासा वायू, पण ऑक्सिजनपेक्षा जड. बंद जागेत तळाशी साचला तर जीव घेतो. पोरं पाठ करतात, मार्क घेतात आणि विसरतात. माझी जीभ तिखट, त्यामुळे शंका विचारायला घरी कोणी फिरकत नाही. सगळे मला ‘बाई’ म्हणतात, आणि ओळख तिथंच संपते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाकीचे शिक्षक गावी जातात. माझे आईवडील आता हयात नाहीत. भावाकडे पाहुणी म्हणून राहायचं जिवावर येतं. म्हणून मी भाड्याच्या माडीवरच असते. दिवस दिवस तोंडातून शब्द निघत नाही.

यंदा नळाचं पाणी आटलं, तेव्हा शेजाऱ्यानं अंगणातला जुना आड उघडला. वर्षानुवर्षं त्याच्यावर फरशी होती. गाळ काढायला तो स्वतःच उतरणार होता. त्याची म्हातारी आई म्हणाली, “आधी दिवा सोडा.” रीत जुनीच आहे: दिवा विझला, तर माणसानं उतरायचं नाही. घरात कंदील उरला नव्हता. शेजाऱ्याच्या मेहुण्यानं दोराला बॅटरी बांधून सोडली. ती तळाशी लख्ख दिसत होती. “बराबर हाय,” तो म्हणाला, आणि शेजाऱ्यानं कमरेला दोर बांधला.

मी गच्चीवरून बघत होते. बॅटरीला हवा लागतच नाही, हे लक्षात आलं तेव्हा तो छातीपर्यंत आत गेला होता. मी ओरडले, “वर ओढा त्याला!” किती दिवसांनी बोलत होते कोण जाणे; आवाज चिरकला.

“काहून घाबरता बाई? उजेड दिसून राहिला की!” मेहुणा हसला.

देवापुढचं निरांजन आणि काड्यापेटी घेऊन मी अनवाणीच धावले. “आधी ओढा, मग हसा!” असं खेकसले. वर्गातला आवाज ऐकून त्यांनी त्याला ओढलं. निरांजन बादलीत ठेवून सोडलं. अर्ध्यावर ज्योत बारीक झाली आणि गेली. “वाऱ्यानं गेली असंल,” मेहुणा पुटपुटला. मी पुन्हा लावून सोडलं. पुन्हा तिथंच विझलं.

शेजाऱ्यानं कमरेचा दोर सोडला. तो माझाच जुना विद्यार्थी. या धड्यात त्याला पैकीच्या पैकी मार्क होते. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. इतक्या वर्षांत आडाचं नाव मी वर्गात एकदाही काढलं नव्हतं.

संध्याकाळी म्हातारी माझा जिना चढून आली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, “बाई, आज आमच्यात जेवा. लेकरू वाचलं म्हणून आंब्याचा रस केलाय.”

“पेपर तपासायचेत,” माझ्या तोंडून निघून गेलं. ते सवयीचं उत्तर होतं.

शाळेला कुलूप लागून तीन आठवडे झाले होते. तिला ते माहीत होतं. “बरं,” म्हणून ती जिना उतरली. मी कठड्याला धरून उभी राहिले. तिनं आणखी एकदा म्हटलं असतं, तर मी गेले असते.