रिकाम्या खोलीचा धडा

सर्वेश तोरसकर विद्यापीठात स्थावर मालमत्ता हा विषय शिकवतो, असं सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे एजंट?" सर्वेश आधी भडकायचा, आता नुसता हसतो. गिरणी कामगाराचा हा मुलगा. कॉलेज करता करता अंधेरीत गिऱ्हाइकांना फ्लॅट दाखवत हिंडला आणि त्याच विषयाचा प्राध्यापक झाला. आमच्या चाळीला त्याचं कोण कौतुक!

टाळेबंदीत मुलांना इमारती दाखवायला नेणं बंद झालं. मग सर्वेशने चौफेर फोटो काढणारा कॅमेरा मागवला आणि घाटकोपरची आपलीच खोली ऑनलाइन वर्गात दाखवायचं ठरवलं. मी समोरच्या खोलीतला, त्यामुळे हमाली माझ्याकडे.

घर दाखवताना राहणाऱ्यांच्या खुणा दिसता कामा नयेत, हा सरांचा लाडका नियम. देव्हारा, दोरीवरची लुगडी, त्याच्या वडिलांचा हार घातलेला फोटो, सगळं माझ्या खोलीत गेलं. उरली त्याची आई, जानकीकाकू.

"आई, तूपण बाहेर ये. कुणी हललं की चित्र बिघडतं."

"माका रवांदे रे. मी गप बसतंय."

"तुझा नंतर काढू ना!"

काकू गॅलरीत जाऊन बसली. ते नंतर काही आलं नाही.

धडा मात्र झकास झाला. साताऱ्याची, नाशिकची मुलं मोबाइलवर बोट फिरवत आमच्या चाळीत हिंडली. उजेड कुठून येतो, वारा कसा खेळतो, सगळं शिकली. दुसऱ्या कॉलेजांनीही तो मागून घेतला. पुढे पुनर्विकासासाठी चाळ पाडली आणि तोरसकर नाहूरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेले.

तिथे काकूचं मन रमेना. हळूहळू तिला विसर पडायला लागला. दिवेलागणीला पिशवी घेऊन दारात उभी राहायची. "चल, घराक जावया." हेच घर आहे म्हटलं की रडायची. सर्वेशच्या जिवाला ते फार लागायचं. एके दिवशी त्याचा फोन आला. "अरे, आपल्याकडे आख्खी खोली आहे ना! तिला दाखवू. तू ये, तुला बघून तिला बरं वाटतं."

टीव्हीवर चाळीचं दार उघडलं. सर्वेशने काकूला स्वयंपाकाच्या ओट्यापाशी नेलं, खिडकीपाशी नेलं, पुन्हा दारात आणलं. काकू पुढे वाकून बघत होती. मी तिच्याकडे बघत होतो. तो खोली गोल गोल फिरवत राहिला. कोपऱ्यात एखादं लुगडं, एखादी वाटी चुकून राहिली असेल, असं त्याला वाटत असावं. पण हमाली मी चोख केली होती. त्या वेळी शाबासकी मिळाली होती, आता स्वतःचाच राग येत होता.

"आई, ओळखलंस?" त्याने विचारलं.

"घर बरा आसा रे," काकू म्हणाली. "कितक्याक देतत?"

काकूने मायेने सर्वेशच्या पाठीवर हात ठेवला.

"पण आपल्याक नको. आपला आसा मां घाटकोपराक."

आणि ती पिशवी घ्यायला उठली.