चमचाभर टिंक्चर

जपानच्या त्या मोठ्या भूकंपाला दोन वर्षं झाली होती. आम्ही तोक्योजवळ उरायासुत राहत होतो. माझ्या नवऱ्याने दारू पिऊन गाडी चालवली आणि एका सायकलवरच्या म्हाताऱ्याचा पाय मोडला. खटला उभा राहीपर्यंत कोर्टाने त्याला जामिनावर सोडलं ते अट घालून. रोज दवाखान्यात जायचं, नर्ससमोर दारू सोडवायचं औषध घ्यायचं आणि तिथल्या गटात बसायचं. त्या औषधावर दारूचा थेंब जरी पोटात गेला तरी तोंड लालबुंद होतं. एकदा चुकला की परत कोठडी. हमीदार म्हणून सही माझी.

माझी! ज्याने दारात माझी करंगळी चेंगरली त्याची हमी मी घ्यायची! पण घेतली बाई. लोकांना काय तोंड दाखवणार होते?

न पिता तो जास्तच वाईट झाला. ताट वाढलं की म्हणायचा, "काय जेलरबाई, आज मीठ मंजूर नाही वाटतं?"

लेकासाठी सासूबाई पुण्याहून धावत आल्या. त्याला खोकला झाला तसं त्यांनी आपली होमिओपॅथीच्या टिंक्चरची बाटली काढली. होमिओपॅथीला आमच्याकडे औषध मानतं कोण? साबुदाण्यासारख्या गोळ्या, त्यांचा कसला अपाय! दवाखान्याच्या फॉर्मवर मी 'इतर औषधं : काही नाही' असं बिनधास्त लिहिलं होतं. सासूबाईंनी थेंब मोजायच्या ऐवजी मायेने चमचाच भरला.

त्या दिवशी गटात त्याचं तोंड लाल झालं, छाती धडधडायला लागली. प्यायलो नाही म्हणून तो ओरडत होता. कोण विश्वास ठेवणार?

त्याचे वकीलसान मला फोनवर म्हणाले, "घरात अल्कोहोल असलेलं काही आहे का? असेल तर कोर्टाला समजावता येईल."

बाटली हातातच होती. लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलेलं मी वाचलं. जवळजवळ सगळं अल्कोहोलच होतं.

"नाही," मी म्हणाले. "काहीच नाही."

मग बाटली बेसिनमध्ये ओतली, धुतली, आणि झाकण वेगळं काढून काचेच्या कचऱ्यात टाकली. वाईट वाटलं? खोटं कशाला बोलू, हलकं वाटलं.

पोलीस त्याला कोठडीत घेऊन गेल्यावर सासूबाई रडत म्हणाल्या, "अगं, खोकला अजून गेला नाही त्याचा. माझी बाटली तरी तिथे पोचवशील का?"

"संपली, आई," मी म्हणाले.