कुंपणावरच्या बिया

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तरी एवढं एक बाजूला सारूनच जोडले. आता तुम्ही समोर बसला आहात, तर सांगते.

तारापूरला अणुवीज केंद्राचं काम सुरू होतं, त्या वर्षांतली गोष्ट. आमचं गाव तिथून जवळच, समुद्राच्या अंगाला. मी मनोरची, लग्न होऊन इथे आले. आळीच्या दोन्ही बाजूंना वाड्या — केळी, चिकू, नारळ. शेजारी द्वारकावहिनी. विधवा, मूलबाळ नाही. आणि माझी एकुलती एक कुमुद, सहा-सात वर्षांची.

रोज उन्हं उतरली की दोघी आळीतून फिरायला निघायच्या. प्रत्येक कुंपणापाशी थांबायच्या. हे भोकर, ही उंडी, हा बकुळ. या नारळाला यंदा उंदीर लागलाय, त्या चिकूला बहर उशिरा आला. कुमुद घरी यायची ती फ्रॉकच्या ओच्यात पानं घेऊन, आणि झोपेपर्यंत काकू, काकू, काकू. मी दिवसभर वाडीत राबायची, तिची वेणी घालायची, तिला भरवायची. माझं नाव ती कुणापुढे असं घेत असेल का हो?

एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले. हौसेने म्हटलं, “तो बघ कुमुद, आंबाडा.” ती खदखदून हसली. “आये, तुला कायच म्हायती नाय! काजरा हाय तो. काकूला इचार.” वहिनी हसल्या नाहीत, उलट तिला म्हणाल्या, “आयशीला असं बोलू नये.” तेच मला जास्त लागलं — माझ्या मुलीला माझ्यासाठी त्यांनी रागवावं! मनोरकडचं रान मला पाठ होतं. मोह, पळस, ऐन, कुडा... पण ते मला कुणी विचारलंच नाही. त्या दिवसापासून त्या दोघी निघाल्या की मी ओटीच्या खांबाआड उभी राहून बघायची.

आणि वहिनींच्या दारातला तो पेरू. आतून लाल गराचा, आळीत तसा दुसरा नव्हता. पोरं दिवसभर तिथेच. कुणाला त्यांनी कधी हाकललं नाही.

दसरा होऊन गेला होता. दुपारी कुमुद न्हाणीपाशी ओकायला लागली. थांबेचना. डोळे आत गेले, हात गार पडले. मी तिला मांडीवर घेतलं, तर तिच्या मुठीत काळ्या बियांची टरफलं. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून आमच्याच कुंपणाला लावलेल्या विषारी मोगली एरंडाच्या बिया. “शेंगदाण्यावानी लागल्या गं आये,” एवढंच ती म्हणाली.

मी ती टरफलं न्हाणीत टाकली आणि वर पाणी ओतलं.

का? तेव्हा काही ठरवलं नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ठरवलं होतं. शेजारच्या बायका धावत आल्या, कुणीतरी वैद्यांना घेऊन आलं. त्यांनी नाडी धरून विचारलं, “पोरीने काय खाल्लं?” मुलगी माझ्या मांडीवर लोळागोळा होऊन पडलेली — आणि मी म्हटलं, “द्वारकावहिनींकडचा पेरू.”

वैद्यांनी त्यावर औषध दिलं. खरं कारण कळलं असतं तर दुसरं दिलं असतं का? मला माहीत नाही. विचारायची सोय मीच ठेवली नव्हती. जिच्यासाठी मी एवढी जळत होते, तिचाच जीव मी पणाला लावला होता. ती वाचली, यात माझं काही नाही.

संध्याकाळी वहिनी शहाळं घेऊन दारात आल्या. “कशी हाय पोर?” मी दार अडवून उभी. म्हटलं, “तुमचा पेरू बाधला.” त्या म्हणाल्या, “पर आज तर ती आलीच नाय गो माझ्याकडं.” मी म्हटलं, “मी काय खोटं बोलते?” मागे बायका उभ्या होत्या. त्यांतली एक जे बोलली, ते मूल नसलेल्या बाईला आपल्याकडे बोलतात तेच. मी तिला गप्प केलं नाही. वहिनींनी शहाळं ओटीवर ठेवलं आणि गेल्या.

कुमुद उठून बसली तेव्हा मी तिला सांगितलं, “तू पेरू खाल्ला होतास. समजलं?” ती म्हणाली, “पर आये —” मी डोळे वटारले. तिने मान हलवली.

पुढे आळीतल्या कुणीच आपली पोरं तिकडे पाठवली नाहीत. पेरू पिकून खाली पडायचे, माशा बसायच्या. वहिनी एकट्याच फिरायला जायच्या, कुठल्या कुंपणापाशी न थांबता. पावसाळ्याआधी त्या बेटेगावला भावाकडे गेल्या, त्या परत आल्या नाहीत. तिकडेच वारल्या. निरोप आला होता. मी गेले नाही, कुमुदलाही जाऊ दिलं नाही.

मग संध्याकाळी मीच कुमुदला घेऊन फिरायला जायला लागले. मला हवं होतं ते मिळालं होतं ना! मी झाडं दाखवायची. ती हात धरून चालायची आणि म्हणायची, “हं.”

आता ती स्वतः आजी झाली आहे. तिला खरंच तसं आठवतं. गेल्या महिन्यात नातवंडांना सांगत होती, “लहानपणी शेजारच्या एका बाईने मला काहीतरी खायला घातलं होतं, मरता मरता वाचले. ती बाई चांगली नव्हती.” नात म्हणाली, “हो का गं पणजी?”

मी हो म्हटलं.